सवलतीचा आनंद

एकाच पेठेंत, एकाच दिवशीं, दोन बायांनीं सारख्याच विणीची साडी घेतली असें आपण समजूं. दोघींनींही आठशें रुपये मोजले. पहिलीच्या दुकानांत साडीवर आठशें हीच किंमत लिहिलेली होती. दुसरीच्या दुकानांत सोळाशें असें लिहून त्यावर तांबडी रेघ ओढिली होती, व खालीं आठशेंचा आंकडा घातला होता. साडी तीच, पैसे तेच. परंतु पहिली बाई साडी घेऊन घरीं गेली, आणि दुसरी साडी घेऊन शिवाय आठशें रुपये मिळवून घरीं गेली. निदान तिला तसें वाटलें, व वाटेंत भेटलेल्या चारचौघींस तिनें तसें सांगितलेंही. ते आठशें रुपये कोठें आहेत असें कोणी तिला विचारिलें असतें तर तिला ते काढून दाखवितां आले नसते. तथापि तिचा आनंद खोटा होता असें म्हणवत नाहीं. खरेदीच्या व्यवहारांत हें जें विलक्षण घडतें त्याचा आज थोडा विचार करावा असें आम्हांस वाटतें. सवलतीचे व 'एकावर एक मोफत'चे फलक आतां शहरांतच राहिलेले नाहींत. ते तालुक्याच्या बाजारांत आले, आणि मोबाइलच्या द्वारें तर ज्या घरास अजून पक्का रस्ता नाहीं त्या घरांतही ते जाऊन बसले आहेत.

ह्या आनंदाचें पृथक्करण विद्वानांनीं केलें आहे. अमेरिकेंतील अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर, ज्यांस २०१७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, यांनीं १९८५ सालच्या आपल्या एका निबंधांत असें दाखविलें कीं, गिऱ्हाइकास खरेदींत दोन निरनिराळ्या प्रकारचें सुख होतें. एक वस्तूपासून होणारें, व दुसरें सौद्यापासून होणारें. पहिलें सुख साडी किती दिवस टिकते, किती शोभते ह्यावर अवलंबून असतें. दुसऱ्याचा साडीशीं कांहीं संबंध नाहीं. मनांत धरलेली किंमत व प्रत्यक्ष दिलेली किंमत ह्यांमध्यें जें अंतर पडतें त्यांतच तें उत्पन्न होतें. आतां दुकानदारास साडी सुधारावयाची असेल तर त्याला चांगलें सूत व चांगला विणकर पाहिजे. परंतु गिऱ्हाइकाच्या मनांतली किंमत वाढवावयाची असेल तर तांबड्या शाईवांचून कांहीं लागत नाहीं.

ह्याच्याही पूर्वीं, १९८१ सालीं, ॲमॉस ट्वर्स्की व डॅनिएल काहनेमान ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनीं लोकांपुढें एक प्रश्न ठेविला होता. तुम्ही एक कोट व एक गणकयंत्र घ्यावयास गेलां आहां. गणकयंत्राची किंमत १५ डॉलर आहे. वीस मिनिटांच्या अंतरावरील दुसऱ्या दुकानांत तें ५ डॉलर कमी किंमतीस मिळतें, तर तुम्ही तिकडे जाल काय? शंभरांतून ६८ जण जाऊं असें म्हणाले. दुसऱ्या कांहीं लोकांस हाच प्रश्न विचारिला. मात्र गणकयंत्राची किंमत १२५ डॉलर सांगितली. तेव्हां शंभरांतून २९ जणच जावयास तयार झाले. वांचणारे पांच डॉलर तेच होते, आणि वीस मिनिटेंही तींच होतीं. आमच्याकडे ह्याची साक्ष काढण्यास प्रयोगशाळेंत जावयास नको. मेथीच्या जुडीमागें पांच रुपये कमी करावे म्हणून बाजारांत दहा मिनिटें हुज्जत घालणारा गृहस्थ मोटारसायकल घेतांना कागदावरच्या पांचशें रुपयांच्या रकमेचा अर्थ काय, असें विचारीतही नाहीं.

हा स्वभाव नवा नाहीं. नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायांत अशा एका गिऱ्हाइकाचें चित्र आहे, जो दुकानीं असेपर्यंत मालाला नांवें ठेवितो, आणि तेथून निघाला म्हणजे आपल्या सौद्याची बढाई मारितो. खोटीं वजनें वापरणाऱ्या व्यापाऱ्याचा समाचार त्याच अध्यायांत घेतलेला आहे. पण घेणाऱ्यासही सोडलेलें नाहीं, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. बाजारांतील असत्याविषयीं आपण बोलतों तेव्हां बहुधा वाण्याकडे बोट दाखवितों.

सतराव्या शतकांत इंग्लंडांत जॉर्ज फॉक्स व त्याचे सोबती, ज्यांस लोक क्वेकर म्हणत, त्यांनीं ह्या गोष्टीचा फार बारकाईनें विचार केला. ज्या किंमतीस वस्तु द्यावयास आपण मनांतून तयार आहों तिच्याहून अधिक किंमत प्रथम सांगणें, व मग घासाघीस करीत खालीं येणें, हें त्यांस असत्य भाषण वाटलें. म्हणून त्यांच्यांतील दुकानदार एकच भाव सांगूं लागले. आरंभीं गिऱ्हाइकें बिचकलीं. भाव न करतां माल घेणें म्हणजे फसणें अशीच सर्वांची समजूत होती. परंतु पुढें लोकांच्या लक्षांत आलें कीं, ह्यांच्या दुकानीं लहान मूल पाठविलें तरी त्यास मोठ्या माणसासारखाच न्याय मिळतो. आणि मग त्यांच्या दुकानांत गर्दी होऊं लागली. आम्हांस हा एकच गुण सर्व सवलतींहून मोठा वाटतो. जेथें भाव करावा लागतो तेथें चतुर मनुष्याला मिळालेली सूट बहुधा भोळ्या मनुष्याच्या पदरांतून निघालेली असते. मराठी पेठांतही 'एकच भाव' अशी पाटी लावणारे दुकानदार पुष्कळ होऊन गेले, व त्यांतील कित्येकांच्या तुटकपणाबद्दल लोक अजून विनोद करितात. परंतु त्यांच्या दुकानीं आजोबा व नातू ह्यांस एकच किंमत पडे ही गोष्ट त्या विनोदांत सहसा येत नाहीं.

क्वेकरांची ही रीत अमेरिकेंत ज्यांनीं मोठ्या प्रमाणावर चालविली त्यांत फिलाडेल्फियाचा जॉन वॉनामेकर प्रसिद्ध आहे. हा प्रेस्बिटेरियन गृहस्थ मोठ्या शब्बाथशाळेचा संस्थापक होता, व १८८९ पासून १८९३ पर्यंत आपल्या देशाच्या टपालखात्याचा मुख्य होता. त्यानें १८६१ सालीं कपड्यांचें दुकान काढिलें, आणि वस्तूवर किंमतीची चिठ्ठी, सर्वांस एकच किंमत, व माल पसंत न पडल्यास पैसे परत, असे नियम घातले. परंतु मौज अशी कीं, ह्याच गृहस्थानें १८७८ च्या जानेवारींत चादरी वगैरे पांढऱ्या कापडाची सवलतीची विक्री सुरू केली, आणि 'व्हाइट सेल' ह्या नांवानें तिचें अनुकरण पुढें सर्वत्र झालें. आम्ही त्याच्यावर दंभाचा आरोप करीत नाहीं. नाताळ संपला म्हणजे दुकान ओस पडे. नोकरांचे पगार मात्र चालूच असत. अशा वेळीं किंमत खरोखरच कमी करून ती सर्वांस सारखी देणें ह्यांत लबाडी कोणती? बोस्टन शहरांतील फायलीन यांच्या दुकानाच्या तळघरांत तर विसाव्या शतकाच्या आरंभापासून हा हिशेब उघड मांडलेला असे. माल बारा दिवस पडून राहिला म्हणजे चतुर्थांश किंमत उतरे, अठरा दिवसांनीं निम्मी, चोवीस दिवसांनीं तीन चतुर्थांश. आणि तीस दिवसांत कोणी न घेतला तर तो धर्मादाय दिला जाई. थांबावें कीं घ्यावें हें गिऱ्हाइकानें ठरवावें. थांबणाऱ्यास स्वस्ताईची आशा व वस्तु जाण्याची भीति अशीं दोन्ही सारखींच असत. परंतु त्याला कोणी खोटें सांगत नव्हतें.

अशा खऱ्या कारणांनीं किंमत उतरण्याचे प्रकार आमच्या देशांतही जुने आहेत. तमिळ लोकांच्या आडी महिन्यांत लग्नकार्यें करीत नाहींत, म्हणून कापडाचे दुकानदार त्या महिन्यांत मोठी सवलत देतात. आमच्याकडे लग्नसराई संपून पाऊस लागला म्हणजे तसेंच होतें. गांधीजयंतीच्या सुमारास खादीवर सूट मिळते, व खादी वापरणारे कित्येक लोक वर्षाचें कापड तेव्हांच घेतात. आठवडे बाजारांत दिवे लागणीच्या वेळीं कोथिंबिरीचा भाव पडतो. कारण ती उद्यां विकावयाची नाहीं, हें विकणारीस व घेणारीस दोघींसही दिसत असतें.

मग दोष कोठें शिरतो? सवलत देतां यावी म्हणून जेव्हां आधीं किंमत चढविली जाते तेव्हां. आमच्या देशांत बंद पुडक्यांतील मालावर जास्तींत जास्त किंमत छापण्याचा कायदा आहे. तिच्याहून अधिक घेण्यास मनाई आहे, कमी घेण्यास नाहीं. हेतु असा कीं, खेड्यांतील अडाणी गिऱ्हाइकास कोणीं लुबाडूं नये. आणि तो हेतु पुष्कळ अंशीं सफळही झाला आहे. परंतु ती किंमत छापणारा माल तयार करणाराच असतो, व किती छापावी ह्यावर बहुतेक वस्तूंच्या बाबतींत बंधन नाहीं. तेव्हां जो आंकडा गिऱ्हाइकाचें रक्षण करण्यास ठेविला तोच कित्येक ठिकाणीं तांबडी रेघ ओढण्याच्या उपयोगीं पडूं लागला आहे. ह्यापेक्षां त्याच पुडक्यावर बारीक अक्षरांत एका ग्रॅमची अथवा एका किलोची जी किंमत छापलेली असते ती आमच्या वाचकांनीं पाहावी. पुडा तसाच, किंमतही तीच, मात्र आंतील वजन कमी, असा जो प्रकार होतो तोही तेथेंच उघडकीस येतो.

ह्या ठिकाणीं आमच्या मतास विरुद्ध असलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे. अमेरिकेंत जे. सी. पेनी नांवाचीं मोठीं व जुनीं दुकानें आहेत. तेथें वर्षांतून शेंकडों वेळां सवलती जाहीर होत, आणि पूर्ण किंमत देऊन माल घेणारा गिऱ्हाईक क्वचितच सांपडे. रॉन जॉन्सन नांवाचा नवा मुख्य तेथें आला, त्यानें २०१२ च्या फेब्रुवारींत हा सर्व खेळ बंद केला. कूपनें गेलीं, रेघा गेल्या; जी खरी किंमत तीच सरळ लिहावयाची असें ठरलें. परिणाम असा झाला कीं, त्या एका वर्षांत विक्री सुमारें एक चतुर्थांश कमी झाली. २०१३ च्या एप्रिलांत जॉन्सन यांस जावें लागलें, व सवलती पुनः सुरू झाल्या. ह्यावरून कित्येक लोक असें अनुमान काढितात कीं, गिऱ्हाइकास सत्य नकोच आहे. त्याला गोड फसवणूक पाहिजे, आणि ती त्याला देणें हा व्यापाऱ्याचा धर्म आहे.

आम्हांस हें अनुमान मान्य नाहीं. त्या दुकानाचीं गिऱ्हाइकें कित्येक वर्षें ज्या शाळेंत शिकलीं तेथें त्यांस असें शिकविलें होतें कीं, लिहिलेली किंमत कधींच खरी नसते. मग एके दिवशीं कोणी येऊन ही किंमत खरी आहे असें म्हणाला तर त्यांनीं त्याच्यावर विश्वास ठेवावा तरी कां? क्वेकरांचीं गिऱ्हाइकेंही आरंभीं पळालींच होतीं. फरक इतकाच कीं क्वेकरांनीं वाट पाहिली, आणि ह्या व्यापारी मंडळीस एक वर्षाहून फारसा अधिक दम निघाला नाहीं. शिवाय आणखी एक गोष्ट आम्हांस खरी वाटते. कूपन कापून ठेवणाऱ्या गृहिणीस त्यांत आपल्या दक्षतेचें चीज झालें असें वाटत असे. घर काटकसरीनें चालविण्याचें तिचें कौशल्य दुसरें कोणी पाहत नाहीं. पावतीवर छापलेला 'तुम्ही इतके वांचविले' हा आंकडाच काय तो तिला शाबासकी देतो. ती शाबासकी काढून घेतल्यावर तिला वाईट वाटलें, ह्यांत तिचा लोभ दिसतो असें आम्ही म्हणणार नाहीं. घरच्या मनुष्यांनीं ती शाबासकी दिली असती तर दुकानाकडे ती मागावी लागली नसती.

स्वस्ताईच्या आनंदाची दुसरी बाजू म्हणजे दुसऱ्यास आपल्याहून स्वस्त मिळालें हें कळल्यावर होणारा ताप. २००० सालीं ॲमेझॉन ह्या कंपनीनें एकच चित्रफीत-तबकडी निरनिराळ्या गिऱ्हाइकांस निरनिराळ्या किंमतीस विकून पाहिली. गोष्ट बाहेर फुटतांच इतका संताप झाला कीं, कंपनीस क्षमा मागून सुमारें ६,९०० गिऱ्हाइकांस पैसे परत करावे लागले. दर मनुष्यीं परत आलेली रक्कम सरासरीनें तीन डॉलरांच्या थोडी वर होती. तेवढ्या रकमेसाठीं एवढा क्षोभ! हें वाचतांना द्राक्षमळ्यांतील मजुरांचा दाखला आम्हांस आठवला. सकाळपासून राबलेल्या मजुरांस ठरलेली मजुरी मिळाली होती. शेवटच्या तासास आलेल्यांसही तितकीच मिळाली हें पाहीपर्यंत त्यांची कांहीं तक्रार नव्हती. सोमवारीं पूर्ण किंमतीस छत्री घेऊन संतुष्ट झालेला मनुष्य गुरुवारीं तीच छत्री शेजाऱ्यास निम्म्या किंमतीस मिळाली असें ऐकतो, आणि त्याच्या हातांतल्या छत्रीस जणूं भोंक पडतें.

तथापि दाखल्यांतील कुरकुर व गिऱ्हाइकाची कुरकुर ह्या अगदीं एकच आहेत असें म्हणणें अन्यायाचें होईल. मळ्याचा धनी आपल्या पदरचें देत होता, व ज्याला दुसरीकडे काम मिळालें नव्हतें त्याला देत होता. दुकानदार गुरुवारीं निम्म्या किंमतीस देतो तेव्हां त्याच्या पदरचें जातेंच असें नाहीं. आणि न गेलें तर सोमवारच्या गिऱ्हाइकाकडून त्यानें काय घेतलें होतें, हा प्रश्न उरतो. असा प्रश्न मनांत येणें म्हणजे मत्सर नव्हे. मात्र शेजाऱ्याच्या छत्रीचा राग शेजाऱ्यावर काढणें हें निराळें.

आतां घरच्या पैशाकडे वळूं. सोयाबीनची पट्टी हातीं येते त्याच सुमारास, दसरा-दिवाळीच्या आगेमागे, मोबाइलवर विक्रीचे महोत्सव सुरू होतात. पडद्यावर घड्याळ उलटें चालत असतें: आणखी दोन तास, आणखी एक तास. शेवटचे तीन नग राहिले असें खालीं लिहिलेलें असतें. ६ ऑक्टोबर २०१४ रोजीं फ्लिपकार्ट कंपनीनें असा एक मोठा दिवस प्रथम साजरा केला, तेव्हां माल क्षणांत संपल्याच्या व कांहीं किंमती आधींच वाढविल्याच्या तक्रारी इतक्या आल्या कीं दुसऱ्याच दिवशीं चालकांनीं गिऱ्हाइकांची जाहीर क्षमा मागितली. तेव्हांपासून ह्या महोत्सवांची संख्या वाढलीच आहे. घड्याळाचें काम एकच असतें: 'ही वस्तु आपणांस पाहिजे आहे काय' हा प्रश्न बाजूस सारून 'ही संधि जाईल काय' हा प्रश्न त्याच्या जागीं बसविणें. हप्त्यानें पैसे देण्याची सोय त्यास जोडलेली असतेच. मग चार हजार वांचले म्हणून बारा हजारांचें यंत्र घरांत येतें, आणि पुढें रब्बीच्या बियाण्यास तेच बारा हजार कमी पडतात. वांचलेले चार हजार बी विकणाऱ्यास देतां येत नाहींत. हा वाद किती घरांत नवराबायकोंमध्यें होतो हें आमच्या वाचकांस आम्हीं सांगावयास नको. बहुधा ज्यानें खरेदी केली तो सवलतीचा आंकडा सांगत असतो, आणि दुसरें माणूस दिलेल्या रकमेचा.

सरकारांचें ह्याकडे अगदीं दुर्लक्ष आहे असें नाहीं. युरोपियन संघाच्या देशांत २८ मे २०२२ पासून असा नियम लागू झाला कीं, सवलत जाहीर करणाऱ्यानें पूर्वीची किंमत म्हणून जो आंकडा दाखवावयाचा तो मागील निदान ३० दिवसांतील सर्वांत कमी किंमतीचा असावा. सोमवारीं चढवून गुरुवारीं उतरविण्याची सोय ह्यामुळें बरीच बंद झाली. आमच्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं तेरा प्रकारच्या फसव्या युक्त्यांची यादी प्रसिद्ध केली. खोटी घाई लावणें ही त्यांतीलच एक. नियम चांगले आहेत. पण तें उलटें चालणारें घड्याळ खरें कीं खोटें हें खेड्यांतील गिऱ्हाइकानें कसें ओळखावें, हें त्या यादींत नाहीं.

ह्या विषयावर उपदेश करणारे लोक गरीबांस एक सल्ला नेहमीं देतात, कीं मोहास बळी पडूं नका. आम्हांस त्यांत थोडी निर्दयता दिसते. ज्याच्या कपाटांत चार सदरे आहेत त्याला पांचवा सदरा सवलतीचा असला तरी तो मोह होय. परंतु ज्या मुलास शाळेचा एकच गणवेश आहे त्याच्या आईस गणवेशावरची सवलत हा मोह नव्हे. ती तिची महिनाभराची भाजी आहे. अशी बाई भावांच्या बाबतींत ज्या दक्षतेनें वागते ती पुष्कळ पदवीधरांस साधणार नाहीं. कोणत्या दुकानीं तेल दोन रुपये कमी आहे, कोणाचें माप पुरें असतें, कोठें सवलत म्हणून जुना माल देतात, हें तिला तोंडपाठ असतें. भाजीवालीशीं ती घासाघीस करिते खरी. पण थांबावें कोठें हेंही तिला ठाऊक असतें, कारण टोपलीपलीकडे बसलेल्या बाईचें घर तिनें पाहिलेलें असतें. आणि ती भाजीवालीही शेवटीं वजन झाल्यावर चार काड्या कोथिंबिरीच्या व कढीपत्त्याची एक डहाळी पिशवींत टाकिते, ज्यांवर कोणतीही किंमत लिहून खोडलेली नसते.

अशा बाईची खरी अडचण निराळीच आहे. 'तीन घ्या, दोनांचे पैसे द्या' ह्या सवलतीचा लाभ ज्याच्या हातीं आज दोनांचे पैसे आहेत त्यालाच होतो. पांच किलो घेणाऱ्यास जो भाव मिळतो तो रोजच्या मजुरींतून पावशेर घेणाऱ्यास मिळत नाहीं. पाऊस संपल्यावर छत्र्या स्वस्त होतात हें तिला कोणीं शिकवावयास नको. पण दिवाळींत शिल्लक पडलेला पैसा उधारी फेडण्यांत जातो, आणि मुलास छत्री घ्यावी लागते ती जूनमध्यें, पूर्ण किंमतीस, शाळा सुरू होण्याच्या आदल्या दिवशीं.